घोडीचा दुसरा भाग

राजुऱ्यात धान दिसत नाही. इथे कापूस, सोयाबीन आणि खाणीकडून येणाऱ्या ट्रकांची काळी धूळ. सकाळी दोरीवर टाकलेली पांढरी ओढणी संध्याकाळपर्यंत राखाडी होते. पण दिवाळी सरली की एखाद्या शनिवारी शाळा सुटल्यावर मी गोंडपिपरीची एसटी धरते. कोठारीच्या पुढे जंगल लागतं, जंगल विरळ झालं की धानाच्या छोट्या चौकोनी बांध्या दिसू लागतात, आणि उघड्या खिडकीतून तो वास आत येतो. कापलेल्या धानाचा. थोडा गोडसर, थोडा ओलसर, आणि कुसळासारखा नाकात टोचणारा. या वासाने कोणाला सण आठवत असेल, कोणाला आईच्या हातचं काही. मला लाज आठवते. आपोआप मान खाली जाते आणि मी ओढणी सारखी करते, जशी कोणी ओळखीची बाई समोरून येताना दिसावी.

यंदा तो वास आला तेव्हा माझ्या हातात फोन होता. फोनवर एक बर्फाचा डोंगर होता, आणि त्यावर अगदी बारीक, मुंगीएवढी दिसणारी एक मुलगी चालत होती. ज्या खेळाच्या दुसऱ्या भागाची मी वर्षानुवर्षं वाट पाहत आलेय, त्याची ती पहिली झलक. खाली दुसरी बातमी: या खेळावर चित्रपट काढण्याचंही चाललं आहे. माझं काळीज खरोखर धडधडलं. लगेच मी शेजारच्या सीटकडे पाहिलं. शेजारची बाई मांडीवर कोथिंबिरीची पिशवी घेऊन डुलक्या काढत होती. तरीही मी फोन पालथा केला.

चाळिशीला टेकलेली बाई. दहावीला मराठी शिकवते. मुलांना 'मोबाईल बाजूला ठेवा' म्हणून रोज सांगते. आणि गेमची वाट पाहते. हे वाक्य मनात म्हटलं तरी कान गरम होतात.

खेळ साधा आहे. कुठलीशी लढाई संपलेली आहे. कोणाची कोणाशी, ते सांगितलेलं नाही. एका मुलीला एक घोडी सापडते, मागच्या पायाने लंगडणारी. मुलगी ठरवते, हिला घेऊन आपल्या गावी परत जायचं. मध्ये डोंगर, बर्फ, लांडगे. मुलीजवळ तलवार नाही, बंदूक नाही. गवत शोधायचं, पाणी शोधायचं, वारा सुटला की आडोसा बघायचा. घोडी दमली की थांबायचं. आपण थांबलो नाही तर ती बसते, आणि मग उठत नाही. बस, एवढंच. नागपूरला असताना मी तो फोनमध्ये घेऊन ठेवला होता आणि उघडला नव्हता. उघडला तो माहेरी, धानाच्या कोठ्या ठेवतो त्या मागच्या खोलीत.

त्या वर्षी मी सासरहून परत आले होते. नवऱ्याने नागपुरातच दुसरं घर केलं होतं. भांडण असं झालंच नाही. एके दिवशी सासूबाईंनी माझी बॅग भरून दाराशी ठेवली आणि म्हणाल्या, "काही दिवस माहेरी राहून ये." त्या 'काही दिवसां'चा अर्थ त्यांना माहीत होता आणि मलाही. मी बॅग उचलली. रिक्षात बसताना चप्पल बदलायची राहिली, घरातली जुनी स्लिपर तशीच पायात. तीच घालून मी गावच्या स्टॉपवर उतरले, आणि माझ्या पायांकडे सगळं गाव बघतंय असं मला वाटत राहिलं. बघत कोणीच नव्हतं. सगळे कापणीत होते.

चूक माझी नव्हती. हे मला तेव्हाही पक्कं ठाऊक होतं. पण लाज कुठे चूक बघून येते? ज्याने करायचं त्याने केलं, तो नागपुरात उजळ माथ्याने फिरत होता, आणि त्याच्या वाट्याची लाज मी पिशवीत घालून गोंडपिपरी तालुक्यातल्या एका खेड्यात आणली होती. 'लाज वाटते' असं आपण म्हणतो, जणू ती दारोदार वाटली जाते. आणि घेणाऱ्यांच्या रांगेत बायका नेहमी पुढे.

आमच्याकडे माहेरी आलेल्या मुलीला पहिला प्रश्न ठरलेला असतो. त्यात वाईट काही नसतं, जीवच असतो.

"कवा आली व कुंदा?"

"परवा."

"किती दिसाची?"

"आठ-दहा दिसाची."

आठ-दहा दिवस संपले. विहिरीवर, किराण्याच्या दुकानात, देवळापुढे तोच प्रश्न आला आणि मी तेच उत्तर दिलं. बायकांच्या लक्षात आलं असणार, पण कोणी हटकलं नाही. त्या नुसत्या थोडा जास्त वेळ माझ्याकडे बघत. मग मी विहिरीवर जाणं सोडलं. शेतावर तर मुळीच नाही, कारण कापणीला गावातल्या सगळ्या बाया एका ओळीत बसतात आणि विळा चालतो तसं तोंडही चालतं. आई विचारणाऱ्याला परस्पर सांगू लागली, "तब्येत बरी नाई तिची, मनून आनली." मग मला खरोखरच अंथरुणावर पडून राहावं लागलं.

बाहेर केवढं काम होतं. बांध्यांमधून भारे येत होते, खळ्यावर पुंजणे रचले जात होते. भाऱ्यांची ती गोल उंच रास, झोपडीसारखी, वर निमुळती होत गेलेली. सकाळी त्यांच्यावर दव असायचं आणि ऊन चढलं की त्यातून वाफ निघायची. धान निघालेल्या बांधीतल्या ओलीवर लाखोळी हिरवी होऊन वर आली होती. आई तिचे कोवळे शेंडे भाजीसाठी खुडून आणायची आणि तिच्या हातांना दिवसभर तो हिरवा वास असायचा. त्या घरात प्रत्येकाच्या अंगाला कामाचा वास होता. मी मागच्या खोलीत, भिंतीकडे तोंड करून, एका लंगड्या घोडीसाठी बर्फाखालचं गवत शोधत होते.

बाबा दुपारी जेवायला घरी येत आणि जेवून घटकाभर त्याच खोलीत, कोठीला टेकून बसत. तिथे थंड असतं. पहिल्या दिवशी ते आले तेव्हा मी फोन उशीखाली सारला.

"काय पाहून राह्यली?"

"काई नाई."

दुसऱ्या दिवशीही मी तसंच केलं. तिसऱ्या की चौथ्या दिवशी ते डोळे मिटून बसले होते, मला वाटलं झोपले, म्हणून मी हळूच फोन काढला. बऱ्याच वेळाने पाठीमागून आवाज आला.

"ते घोडी काऊन लंगडते?"

मी दचकले. मान वळवली तर ते पुढे वाकून बघत होते. इतके दिवस मला कोणी जे जे विचारलं होतं, त्यात हा पहिला प्रश्न होता ज्याचं उत्तर देताना मला खोटं बोलावं लागलं नाही.

"लढाईत लागलं तिले."

"मंग पायाले काई बांध ना तिच्या."

"बांधता येत नाई बाबा. नुसतं थांबता येते."

"मंग थांब."

त्या दिवसापासून ते रोज थांबू लागले. फोनला त्यांनी कधी हात लावला नाही. म्हणायचे, "माह्या बोटानं ते काच फुटंन." धानाच्या कापणीने त्यांच्या बोटांना चिरा पडलेल्या असत आणि त्यांत माती बसलेली. ते नुसतं बघत. पण बघणं असं, की मी जरा घाई केली तर रागावत. "दमली ते. उभी राहू दे तिले." मग आम्ही दोघं काहीही न करता पडद्याकडे बघत बसायचो. घोडी मान खाली घालून उभी असायची, तिच्या नाकातून वाफ यायची, बर्फ पडत राहायचा. मुलगी तिच्या मानेवर हात ठेवून उभी. एवढंच दिसायचं. बाहेर मजुरांचा गलका, आतमध्ये बर्फ.

एकदा मी चुकले. वादळात आडोसा सापडेना म्हणून मी तिला पळवत नेलं. ती बसली. पडदा हळूहळू पांढरा होत गेला. बाबा उठले आणि विहिरीवर जाऊन हातपाय धुऊन आले, कारण नसताना. परत आले तेव्हा घोडी पुन्हा आधीच्या ओढ्याकाठी उभी होती. मी सांगितलं की खेळात असंच असतं, मेलं की थोडं मागून परत सुरू होतं. ते बराच वेळ त्या घोडीकडे बघत राहिले.

"असं होत असतं तं," ते म्हणाले, आणि माझ्याकडे बघून पुढचं बोलले नाहीत.

आईला हे पसंत नव्हतं. ती म्हणायची, "बापलेकीले येड लागलं." पण कोणी अंगणात आलं की तीच मोठ्याने हाक द्यायची, "ये व बाई, बस, बस ना," म्हणजे आम्हाला आत ऐकू जावं. दाराला तिने जुन्या लुगड्याचा पडदा लावला. एखाद्या घरात दारू गाळावी आणि लपवावी, तशी आम्ही ती घोडी लपवत होतो. परतलेली मुलगी एकवेळ झाकता येते, तब्येतीचं निमित्त असतं. पण परतलेली मुलगी फोनवर खेळते आणि ऐन कापणीत बाप शेजारी बसून बघतो, याला निमित्त कुठलं?

एकदा ते म्हणाले, "याचा पिक्चर काऊन नाई बनवत कोनी?"

मी म्हटलं, "पिक्चर दोन-अडीच तासात संपंल, बाबा. एवढं थांबू देनार नाई."

"संपू दे. पिक्चर असला तं सांगता येते."

"कोनाले?"

"कोनालेई. चावडीवर सांगता येते, असा असा पिक्चर पाह्यला मनून. याचं काय सांगू? पोरीच्या मोबाईलात घोडी चारून राह्यलो?"

ते हसले. मी पण हसले. आणि मग दोघांनाही एकदम कळलं की त्यात हसण्यासारखं काही नाही. ते उठून खळ्यावर गेले.

गावची मंडई धान घरात यायच्या सुमारास भरते. आमच्याकडे मंडई म्हणजे जत्रा म्हणा, सोयरेधायरे भेटण्याचा दिवस म्हणा. दिवसा सोंगं घेऊन दंडार नाचते, ढोलकी वाजते, जिलेबी आणि आलूभज्यांच्या कढया लागतात, बांगड्यांची आणि खेळण्यांची दुकानं बसतात, आणि गावोगावच्या लेकी त्या दिवशी माहेरी येतात. मला जायचं नव्हतं. आई म्हणाली, सगळ्यांच्या पोरी आलेल्या असताना तूच नाही दिसलीस तर लोक जास्त बोलतील. तिचं खरं होतं. मी इस्त्रीची साडी नेसून गेले आणि बांगड्यांच्या दुकानाच्या आडोशाला उभी राहिले. जिलेबीच्या दुकानाजवळ, चिंचेखाली, बाबा चार लोकांत बसले होते. तिथलं बोलणं मला ऐकू येत होतं.

कोणीतरी विचारलंच. "देवाजीभाऊ, कुंदा आली मने. किती दिसाची?"

बाबांनी ऐकलं नाही असं दाखवलं. हातातली जिलेबी संपवली, बोटं पुसली, आणि म्हणाले, "मी एक पिक्चर पाह्यला गा."

आणि ते सांगू लागले. लढाई संपली. घोडी लंगडते. पोरगी एकटी. बाबा कधी फार बोलणारे नव्हते. दंडारीत त्यांनी कधी पाय ठेवला नाही, भजनात मागे बसून टाळ वाजवत. पण त्या दिवशी त्यांनी बर्फ असा सांगितला की चिंचेखाली बसलेल्या माणसाने खांद्यावरचा दुपट्टा अंगाभोवती ओढून घेतला. लांडगे कसे येतात, ते समोरून नाही, बाजूने येतात. घोडी मान कशी टाकते. पोरगी तिच्या कानात काहीतरी बोलते, ते आपल्याला ऐकू येत नाही. लोक वाढले. कडेवर लेकरं घेतलेल्या बाया थांबल्या. मी बांगड्यांच्या माळेआडून ऐकत होते. मी अंधाऱ्या खोलीत तोंड लपवून जे करत होते, ते उन्हात, गावासमोर, गोष्ट होऊन उभं राहिलं होतं. मला वाटलं, मी इतकी वाईट नव्हते मग.

तेवढ्यात प्रशांत मध्येच बोलला. प्रशांत आमच्याच आळीतला, तेव्हा चंद्रपूरला कॉलेजात शिकत होता. त्याच्या मनात काही वाकडं नव्हतं; त्याला ओळख पटल्याचा आनंदच झाला होता. "काका, हा पिक्चर नाई. हा तं मोबाईलवरचा गेम होय. मी खेळलो ना."

क्षणभर कोणाला कळलं नाही. मग एकजण हसला. मग सगळेच. देवाजीभाऊ गेम खेळून राह्यले, धान खळ्यावर अन् देवाजीभाऊ घोडीवर. हसणं चांगल्यापैकी मोकळं होतं, बाबाही कसनुसं हसले. मग मागून कोणीतरी, कोण ते मला अजून माहीत नाही, म्हणालं, "मनून पोरगी सासरी जात नाई का, गेम खेळाले भेटते मनून?"

हसणं थांबलं. ढोलकी तेवढी वाजत राहिली.

बाबांनी दुपट्ट्याने तोंड पुसलं. "नाई जात," ते म्हणाले. "जानार बी नाई. त्यानं दुसरी केली. आता ते इथीच राह्यते, आपल्या घरी." आवाज चढवला नाही, एवढंच बोलले. मग म्हणाले, "घोडीचं समोरचं आयकाचं हाय का नाई?"

कोणी हो म्हणालं नाही आणि कोणी उठलंही नाही. बाबा पुढे सांगत राहिले, पण आता त्यांचा आवाज अडखळत होता, लांडगे आधी आले की वादळ आधी, ते त्यांना आठवेना. मी तिथून निघाले. आज कोणी ऐकलं तर म्हणेल, बापाने केवढं धाडस केलं, मुलीचा ऊर भरून आला असेल. माझा ऊर वगैरे काही भरून आला नाही. मंडईच्या दिवशी, सगळ्या गावच्या लेकी-जावयांसमोर, माझ्यावरचं पांघरूण कोणीतरी ओढून घेतलं आहे असं मला वाटलं. वाट सोडून बांध्यांमधूनच मी घरी आले तेव्हा कापलेल्या धानाची खुंटं साडीच्या काठात अडकत होती, आणि मी ती सोडवायलाही थांबले नाही.

बाबा घरी आले तेव्हा दिवस कलला होता. त्यांनी माझ्यासाठी जिलेबी आणली होती, कागदात चिकटून गेलेली. ती माझ्यासमोर ठेवून ते उभे राहिले.

"तुले न विचारता बोललो मी. तोंडातून निंगून गेलं."

त्यांना हवं होतं मी रागवावं. मला रागवता आलं असतं तर दोघांचंही सोपं झालं असतं.

त्यानंतर ते दुपारी मागच्या खोलीत येईनासे झाले. जेवून थेट खळ्यावर जायचे. मीही फोन उघडला नाही. आम्ही एकमेकांना बघून लाजत होतो, बापलेक असून. एकाच घरात दोन माणसं एकमेकांच्या लाजेला जागा करून देत वावरत होती. एक अंगणात आला की दुसरा आत.

मग एका दुपारी शेजारची सगुणाबाई आली. आईने नेहमीसारखी मोठ्याने हाक दिली, पण ती सरळ पडदा सारून आतच आली. मी उठून बसले आणि तो प्रश्न येण्याची वाट पाहिली. ती कोठीजवळ, बाबांच्या जागी बसली, पाय लांब केले, आणि म्हणाली, "मंग, त्या घोडीचं काय झालं व? देवाजीभाऊनं अर्धंच सांगतलं."

मला तिच्याकडे बघता येईना. तेव्हा लक्षात आलं की मंडईपासून मला कोणीही विचारलं नव्हतं, किती दिसाची. त्या प्रश्नाचं उत्तर गावाला मिळालं होतं. आता त्यांना दुसरं काहीतरी हवं होतं.

"अजून पोचली नाई," मी म्हटलं. "बाबाले बोलाव, मंग चालवतो."

बाबा आले. दारातच थोडे घुटमळले, मग आत येऊन बसले. त्या दुपारी आम्ही तिघांनी मिळून शेवटची घाटी पार केली. सगुणाबाई दर लांडग्याला शिव्या घालत होती. मुलगी आणि घोडी गावच्या वेशीशी पोचल्या. घरं होती. एका घरातून धूर निघत होता. माणूस मात्र एकही नाही. मुलगी दारोदार हाका मारत फिरली, आणि मग पडदा काळा झाला. पुढे काही नाही.

"अन् लोकं?" सगुणाबाईने विचारलं.

"दुसऱ्या भागात," मी म्हटलं. तसं कोणी सांगितलेलं नव्हतं. मला ते हवं होतं एवढंच.

पुढच्या उन्हाळ्यात मी पेटीतले बी.एड.चे कागद बाहेर काढले आणि राजुऱ्याला नोकरीला लागले. नवऱ्याशी रीतसर फारकत झाली. आता खोली भाड्याची आहे, पण दाराला चांगला पडदा आहे, माझ्या पसंतीचा.

यंदा झलक आल्यापासून इंटरनेटवर लोक भांडतायत. चित्रपट निघाला तर मुलीच्या हातात तलवार देतील, म्हणतात. तिला कोणी तरुण भेटवतील. घोडी कॉम्प्युटरवर काढतील. मी ते सगळं वाचते, शाळेच्या मधल्या सुट्टीत, वहीआड फोन धरून. माझं मत विचाराल तर हा चित्रपट होणं कठीण. पडद्यावर सगळं दाखवता येईल, बर्फ, लांडगे, लढाई. पण आम्ही घोडीजवळ काही न करता उभे राहायचो, बाबा म्हणायचे उभी राहू दे तिले, ते कोण दाखवणार? तिकीट काढून आलेली माणसं किती वेळ उभी राहतील? चित्रपटात मुलगी चालेल आणि आपण बघू. खेळात आपण थांबलो म्हणून ती जगली. मी हे फोनवर बाबांना सांगितलं. त्यांना पटलं नाही. अजूनही त्यांचं म्हणणं एकच, पिक्चर असला तं सांगता येते.

परवा ते राजुऱ्याला आले. नव्या तांदळाची पिशवी घेऊन, न कळवता, थेट शाळेत. मी वर्गावरून स्टाफरूममध्ये आले तर ते विज्ञानाच्या वाढई सरांसमोरच्या खुर्चीवर कडेला बसले होते आणि सर त्यांना चहा देत होते. मला बघून त्यांचा चेहरा उजळला. नमस्कार-चमत्कार नाही, तब्येत नाही, काही नाही.

"कुंदे, प्रशांत मने दुसरा भाग येऊन राह्यला. कवा येते?"

वाढई सरांनी विचारलं, "कशाचा दुसरा भाग, मॅडम?"

वाढई सर चांगला माणूस. पण मागच्याच आठवड्यात त्यांनी पालकसभेत सांगितलं होतं की गेम खेळणं हे रिकाम्या डोक्याचं लक्षण आहे, आणि मी शेजारी बसून मान डोलावली होती. मुख्याध्यापक कपाटापाशी उभे होते. दोघी शिक्षिका वह्या तपासत होत्या. सगळ्यांनी मान वर केली.

"एक पिक्चर आहे सर," मी म्हटलं. "बाबांना फार आवडला होता."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. अगदी एवढंच, पापणी लवावी इतका वेळ. मग ते सरांकडे वळून म्हणाले, "होय. पिक्चर होय. घोडीचा." आणि चहा बशीत ओतून पिऊ लागले.

मी त्यांना बसस्टँडवर सोडायला गेले. इतक्या वर्षांपूर्वी या माणसाने सगळ्या गावासमोर माझ्यासाठी खरं सांगितलं होतं, आणि त्याचं त्याला वाईट वाटलं होतं. मी चार सहकाऱ्यांसमोर एका खेळाचं नाव घेऊ शकले नाही, आणि त्यालाही माझ्या खोट्यात ओढलं. गाडी लागली. ते चढले, खिडकीशी बसले.

"मास्तर लोकं हायेत," ते म्हणाले, मलाच समजावत. "त्याइले पिक्चरच सांगाचं. काई बिघडत नाई. पन तू घेशीन ना?"

"घेईन."

"मंग मले सांगजो. मी येतो दोन दिस. तुह्या मायले सांगतो, धान विकाले जातो मनून."

गाडी निघाली. मला हसू आलं आणि हसतानाच डोळ्यांत पाणी आलं, आणि बसस्टँडवर उभ्याने रडण्याचीही मला लाज वाटली.

सोमवारी प्रार्थनेनंतर वाढई सर म्हणाले, "मॅडम, तो तुमच्या वडिलांचा घोडीचा पिक्चर शोधला मी रविवारी. मुलांना दाखवावा म्हटलं. सापडला नाही. नाव काय त्याचं?"

त्यांना दुसरं कुठलंही नाव सांगता आलं असतं. माझ्या तोंडात आलंही होतं.

"तो पिक्चर नाही सर. गेम आहे, मोबाईलवरचा. मी खेळते, बाबा शेजारी बसून बघतात."

"अच्छा," सर म्हणाले. "घोड्यांच्या शर्यतीचा का?"

"नाही. हळू चालायचा."

"अच्छा," ते पुन्हा म्हणाले, आणि खडूचा डबा घेऊन वर्गावर गेले.

एवढंच. माझे कान दुसऱ्या तासापर्यंत गरम होते. फळ्यावर लिहिताना मुलं माझ्या पाठीकडे बघून हसतायत असं वाटत राहिलं. वळून पाहिलं तर ती नेहमीसारखी एकमेकांच्या खोड्या काढत होती. मधल्या सुट्टीत मी मैदानाच्या कडेला जाऊन बाबांना फोन लावला.

"सांगून टाकलं मी सरले. गेम होय मनून."

मग त्यांनी विचारलं, "मंग? हासले का लोकं?"

"नाई."

"कोनीच नाई?"

"नाई बाबा."

मग त्यांचा आवाज आला, थोडा हिरमुसलेला, मंडईतलं हसणं एकट्या त्यांच्याच वाट्याला आल्यासारखा.

"काऊन नाई हासले?"